दुसऱ्या पसंतीचे भावोजी

माझ्या भावोजींना गल्लीत सगळे ‘चालेल’ म्हणतात. त्यांचं इस्त्रीचं दुकान आहे. सगळ्या पक्षांचे सदरे त्यांच्या एकाच टेबलावर सरळ होतात. कोणी काहीही म्हणो, भावोजींचं उत्तर ठरलेलं: “चालेल!”

रस्ता रुंदीकरणात दुकान जाणार असं कळलं, तेव्हा मात्र ताईने त्यांना निवडणुकीला उभं केलं. पालिकेत आपलं एक मत असलं तर दुकान वाचेल, एवढाच तिचा हिशेब.

यंदा पद्धत नवी होती. मोठा प्रभाग, पाच जागा. मतपत्रिकेवर उमेदवारांना पसंतीचे आकडे द्यायचे. ठरलेली मतं मिळाली की माणूस निवडून आला, त्याची जास्तीची मतं पुढच्या पसंतीला. सगळ्यात मागे असेल तो बाद, त्याचीही मतं पुढच्या पसंतीला. म्हणजे कोणाचं मत वाया जायला नको. वाया घालवायचंच असेल, तर त्यासाठी आमच्या भावोजींसारखा माणूस लागतो.

ते दारोदार हात जोडून सांगत सुटले, “पहिला नंबर तुमच्या माणसालाच द्या हो, मला आपला दुसरा.” मी डोकं आपटलं. “भावोजी, दुसरी पसंती मोजायची तर आधी शर्यतीत टिकावं लागतं!” ते म्हणाले, “अरे, गिऱ्हाइकांना धर्मसंकटात कशाला टाकायचं?”

लोकांनी शब्द पाळला. असे आज्ञाधारक मतदार शोधून सापडायचे नाहीत. जवळजवळ प्रत्येक मतपत्रिकेवर भावोजी दुसरे! पहिल्या पसंतीची मतं मात्र दोन. पहिल्या फेरीत ठरलेला आकडा कोणीच गाठला नाही, आणि सगळ्यात मागे असलेले भावोजी तिथेच बाद. शेवटच्या जागेसाठी शाळेतल्या एक निवृत्त बाई आणि एक ठेकेदार यांच्यात चुरस झाली. बाईंचा रुंदीकरणाला विरोध, ठेकेदाराला त्याच रस्त्याचं काम हवं. ठेकेदार एका मताने तरला.

जेवताना ताईचा घास हातातच राहिला. “एक मत माझं, एक माझ्या या भावाचं. मग तुमचं कुठं गेलं?”

भावोजी ताटाकडे बघत म्हणाले, “स्वतःलाच पहिला नंबर देणं बरं दिसतं का? मी दुसरा घेतला.”

“आणि पहिला?”

“ठेकेदाराला. जुनं गिऱ्हाईक आहे गं.”

मला भावोजींचा इतका राग आला, की जेवण तसंच टाकून मी उठलो.

दोन दिवसांनी ठेकेदार सदरा घेऊन दुकानात आला. मी आणि ताई तिथेच होतो. “शपथविधी आहे, जरा कडक होऊ दे,” तो म्हणाला. “आणि हो, पाडायला तुझ्या दुकानापासून सुरुवात करतोय. बाकीचे भांडत बसतात, तू समजूतदार. तुझा पहिला नंबर!”

“चालेल,” भावोजींच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग त्यांचा चेहरा उतरला. आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कळलं.

ताईने त्यांच्या हातातली इस्त्री काढून घेतली आणि सदऱ्याचा बोळा ठेकेदाराच्या अंगावर फेकला. “इथे नाही होणार इस्त्री. चालते व्हा!”

ठेकेदार निघाला. भावोजी डोळे पुसत दुकानाच्या भिंतींकडे बघत होते. मग हळूच ताईला म्हणाले, “अगं, निदान कॉलर तरी करून द्यायची. शपथविधी आहे त्यांचा.”