चित्रकलेत नापास कोण?

चित्रकलेच्या शिक्षिकेकडे किस्से मागायला लागत नाहीत, ते आपले आपण साठतात. या विषयात कुणी नापास होत नाही, तरी पालकांची सगळ्यात जास्त भांडणं याच विषयावरून होतात! नवऱ्याच्या बँकेने आम्हाला नाशिकहून कोलकात्यात आणून टाकलं आणि मला तिथल्या बेहाला भागातल्या एका शाळेत नोकरी लागली. माझा निनादही तिथेच तिसरीत. पोरगा गुणी, पण चित्राच्या नावाने शंख. ड्रॉइंग टीचरचा मुलगा आणि घरात एकही बक्षीस नाही, हे माझं तेव्हाचं एकमेव दुःख.

*

पहिल्याच महिन्यात मी एका मुलाच्या कार्डावर लिहिलं, 'कुवत साधारण.' आमच्याकडे असं लिहिलं की आईबाप म्हणतात, "जाऊ दे, हात नाही त्याला," आणि गणिताचा क्लास लावतात. इथे दुसऱ्या दिवशी आई, बाबा आणि आजी, तिघं हजर.

आजी शांतपणे म्हणाली, "बच्चा तो ठीक है. साधारण किसने सिखाया?"

*

आमचे सीनियर आर्ट सर तपनदा. कुठलंही चित्र आणा, त्यांचं मत ठरलेलं: "भाब आछे." म्हणजे भाव आहे. त्यांच्या राज्यात भाव नसलेलं मूल जन्मालाच येत नाही.

एकदा एका मुलीने घोडा काढला. मी म्हटलं, "तपनदा, ये घोडा है या टेबल?"

त्यांनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं. "टेबिल होलेओ भाब आछे." टेबल असलं तरी भाव आहेच.

*

मराठी मंडळात नागपूरचे एक गृहस्थ भेटले, नुकतेच बदलून आलेले. मुलगी सुरेख चित्रं काढते म्हणाले. मग जरा जवळ सरकून विचारलं, "मॅडम, आपल्याकडे ड्रॉइंगच्या परीक्षेचे दहावीला जादा मार्क मिळतात. इथे?"

"इथे नाही मिळत."

त्यांनी मुलीकडे वळून सांगितलं, "बाळा, थांबव मग."

*

जर्मनीहून हाना नावाची एक शिक्षिका महिनाभर आमच्या शाळेत आली. तिचा नियम असा, की मुलांच्या चित्राला चांगलं-वाईट म्हणायचं नाही, फक्त विचारायचं, "मला सांग, यात काय आहे?" तिने वर्गाला हवं ते काढायला सांगितलं. अख्ख्या वर्गाने एक झोपडी, एक नारळाचं झाड, एक नदी आणि एक होडी काढली. होडीचं तोंडसुद्धा सगळ्यांचं डावीकडे.

हाना गहिवरली. "ही सगळी मुलं एकाच गावची आहेत?"

"नाही," तपनदा म्हणाले. "एकाच ट्यूशनची."

*

आणि मग आली आमच्या गल्लीतली 'बोशे आँको', म्हणजे बसून चित्र काढायची स्पर्धा. कोलकात्यात पूजेच्या आसपास गल्लोगल्ली असते. मैदानात मुलं, भोवती दोरी, दोरीबाहेर आया. परीक्षक तपनदा आणि हाना. विषय, 'माझी आई'.

निनादची मी महिनाभर घरी तयारी करून घेतली होती. तो रेघ मारायचा, मी पुसायचे. तो डोळा काढायचा, मी पुसायचे. कागद भोकं पडेपर्यंत सराव! त्या दिवशीही मी दोरीला पोट टेकवून उभी होते. शेजारची बाई लेकीला "नाक दाओ, नाक!" म्हणून ओरडत होती आणि मी "निनाद, समास सोड," म्हणून.

वेळ संपली. परीक्षक निनादच्या कागदापाशी थांबले ते हलेचनात. मी दोरीखालून आत घुसले.

कागदावर आई नव्हती. कोपऱ्यातून आलेला एक भलामोठा हात, बांगडीसकट. हातात खोडरबर. बाकी कागदभर नुसता काळपट फराटा.

हानाने विचारलं, "मला सांग, यात काय आहे?"

"आई," निनाद म्हणाला. "चित्र पण होतं. तिने पुसलं."

मी तपनदांकडे पाहिलं. आताही 'भाब आछे' म्हणतील आणि विषय संपेल, असं वाटलं. त्यांनी चष्मा पुसला, चित्र पाहिलं, मग माझी मूठ पाहिली. मुठीत खोडरबर होता.

"हूबहू," म्हणाले, आणि कागदावर पहिला नंबर टाकला.