मामंजींचा आग्रा

माझे सासरे दोनदा आग्र्याला जाऊन आले आणि दोन्ही वेळा ताजमहाल न पाहता परतले. विसरले म्हणून नव्हे, वेळ नव्हता म्हणूनही नव्हे. पहिल्या वेळी तर टांगा ताजच्या रस्त्याला लागलाही होता. मामंजींनी तो वळवायला लावला आणि थेट पेठा करणाऱ्यांची गल्ली गाठली. तिथं छपरापर्यंत रचलेले कोहळे पाहिले, उकळत्या पाकाच्या कढईजवळ बसून घाम गाळला आणि तृप्त मनानं अकोल्याला आले. जठारपेठेत कुणी विचारलं, "वकीलसाहेब, ताज कसा वाटला?" की ते म्हणत, "ताज काय कुठं पळून चालला? तो तं फोटोतबी तसाच दिसते. तुमी कोहळे पाह्यले काय?"

विचारणारा ओशाळून म्हणे, "नाही." त्या 'नाही'साठीच मामंजी प्रवास करत, असं माझं मत आहे.

मी पुण्याची. लग्न होऊन अकोल्याला आले ते छप्पन साली. पहिल्याच दिवशी पानावर बसल्याबसल्या मामंजी कडाडले, "काहून वं सूनबाई, जेवून नाही राह्यली?" मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. माझे डोळे भरून आले. सासूबाई कानाशी लागून म्हणाल्या, "घाबरू नोको. लाडात आले की ते असेच वरडतात. रागावले की हळू बोलतात." पुढं ते खरंच निघालं. कोर्टात म्हणे त्यांचा आवाज उतरला की समोरचा वकील सावध होई.

मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागली की मामंजींच्या अंगात यायचं. नकाशा पलंगावर पसरायचा. प्रसिद्ध गावावर बोट ठेवायचं आणि तिथून ते बाजूला सरकवायचं. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत बोट जयपूरवर थांबलं. मी हरखून गेले. हवामहालासमोर फोटो काढायचा म्हणून ठेवणीतलं अंजिरी लुगडं घेतलं. टांगा हवामहालासमोर आला, तसाच पुढं गेला. मी धीर करून म्हटलं, "मामंजी, हवामहाल..."

"पाह्यला नं आता? खिडक्याच खिडक्या हायेत. अन् त्यातून आपल्याकडं कोणीच पाहून नाही राह्यलं. चाल रे बावा!"

टांगा गेला तो सांगानेरला. तिथं ओढ्याकाठी वाळूत छापील कापडांची लांबच लांब थानं वाळत घातली होती. तांबडी, पिवळी, निळी. वारा आला की सगळी जमीनच हलल्यासारखी वाटे. मामंजींनी कापड छापणाऱ्या एका छिप्याकडून लाकडी ठसा मागून घेतला आणि मोठ्या रुबाबात उलटा उमटवला. आपल्या फुलाचा देठ आभाळाकडे गेलेला पाहून ते म्हणाले, "हे नवीन डिझाइन हाय." माझं अंजिरी लुगडं रंगाचे डाग पडून खराब झालं. पण खरं सांगते, पुढं मी हवामहाल दोनदा पाहिला, आणि मला आठवतो तो ओढाच.

काश्मीरलाही तेच. लोक हाऊसबोटीत राहतात, आम्ही क्रिकेटच्या बॅटी बनवणाऱ्यांच्या गावात राहिलो. झोपताना उशाशी लाकडाच्या फळ्यांच्या थप्प्या होत्या.

या सगळ्यात खरी अडचण सासूबाईंची. हळदीकुंकवाला बायका विचारत, "काय काय पाह्यलं वं?" आणि त्या बिचाऱ्या सांगत, "कोहळे." बायका तोंडाला पदर लावत. एकदा गच्चीवर कुरडया घालताना त्या एकदम म्हणाल्या, "माह्या बापानं लग्नात मले ताजमहालाचं चित्र देल्लं होतं, फ्रेम करून. म्हणे, जावई फिरस्ता हाय, खरा दाखवंल. बाप गेला माहा. चित्रबी फिक्कं झालं." एवढं बोलून त्या पुन्हा कुरडया घालायला लागल्या. सोऱ्या मात्र जरा जोरात दाबत होत्या.

पुढच्याच उन्हाळ्यात माझ्या चुलतदिरांच्या मुलाची मुंज निघाली, आणि दीर होते आग्र्याला, रेल्वेत. मामंजींची ही आग्र्याची तिसरी खेप. मुंज पार पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "मामंजी, नदीपलीकडे वाळूत खरबुजांच्या वाड्या आहेत म्हणे. प्रवासी कुणी तिकडे फिरकत नाहीत."

मामंजींनी कप खाली ठेवला. "कोणीच नाही?"

"कुणीच नाही."

दीर खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यांना आम्ही दोघींनी आदल्या दिवशीच फितवलं होतं.

पुलावरून टांगा पलीकडे गेला. मग शेतातून पायवाट, बाभळी, एक मातीचा उंचवटा. मामंजी सगळ्यांच्या पुढे. उंचवटा ओलांडून झाडी संपली आणि ते थबकले. पायाशी खरबुजांचे वेल, पुढं यमुनेचं उथळ पाणी, पाण्यात म्हशी, आणि म्हशींच्या पलीकडे अख्खा ताजमहाल.

"सूनबाई, हे काय होय?"

"खरबुजांची वाडी."

"अन् ते मांगं?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "ते नोका पाहू तुमी. ते तं फोटोतबी तसंच दिसते."

इतक्या वर्षांत त्यांना उलट बोलताना मी प्रथमच ऐकलं. मामंजींनी ताजकडे पाठ केली, वाळूत बैठक मारली आणि वाडीवाल्याला खरबूज कापायला सांगितलं. सासूबाई डोक्यावरचा पदर सारखा करून नदीकडे तोंड करून बसल्या. नवराबायको पाठीला पाठ लावून. मग मामंजींचा आवाज आला, अगदी हळू. मी घाबरले.

"कसा हाय?"

"पाहा नं."

"तू सांग."

आणि सासूबाई सांगू लागल्या. घुमट कसा आहे, पाण्यात सावली कशी हलते, म्हैस मधून गेली की ती कशी मोडते आणि पुन्हा जुळते. मामंजींच्या हातातली फोड तशीच राहिली होती. "अन् मिनार?" त्यांनी विचारलं. मी पाहिलं तर सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मामंजींनी मान वळवली. आधी बायकोकडे पाहिलं, मग ताजकडे. उन्हं चढेपर्यंत ते तसेच बसले.

अकोल्याला परतल्यावर मात्र मूळ पदावर आले. "तुमी तो म्होरून पाह्यला असंल," ते भेटेल त्याला म्हणत, "म्होरून तं सगळेच पाहतात. मांगून पाह्यला काय?" विचारणारा ओशाळे.

सदुसष्टच्या हिवाळ्यात मामंजी गेले. सकाळी उन्हात बसले होते, तिथंच. अस्थी कुठं न्यायच्या ते ठरवायला गुरुजी आले. काशी म्हणाले, प्रयाग म्हणाले, नाशिक म्हणाले. सासूबाई ऐकत होत्या. "तिथं तं सगळेच जातात," त्या म्हणाल्या.

त्यांचं माहेर अमरावतीचं. त्यांचा भाऊ जंगलखात्यात होता. त्यानं आम्हांला मेळघाटात सेमाडोहला नेलं. घाट नाही, पंडे नाहीत. सागवानात सिपना नदी आणि तिचे काळे खडक. गुरुजी थंडगार पाण्यात गुडघाभर उभे राहून काकडत मंत्र म्हणत होते आणि एक डोळा वाघासाठी झाडीकडे ठेवून होते.

अस्थी पाण्यात सोडल्यावर सासूबाई थोडं पुढं गेल्या. त्यांना वाटलं आम्हांला ऐकू येत नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे तं तुमीबी पाह्यलं नव्हतं."