डाव्या हाताची जॉयस्टिक
नव्या रबराचा वास आला की मला बीडचं ते कॉम्प्युटरचं दुकान आठवतं. वडील एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून कुणी भेटायला आलं की ते हात टॉवेलखाली झाकून बसायचे. घराबाहेर तर पडतच नसत. मी कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये विमान उडवायचो आणि ते मागे बसून बघायचे. एकदा म्हणाले, "वळताना लई हिसके देतोस. ह्याला नीट दांडा न्हाई का मिळत?" म्हणून, त्यांनाही उडवून बघता यावं या विचाराने, बराच आग्रह करून त्यांनाच सोबत घेऊन मी जॉयस्टिक आणायला गेलो. दुकानदाराने सगळ्यात भारी होती ती काढली आणि सवयीने त्यांच्या उजव्या हाताशी नेली. मी काही बोलणार, तोच वडिलांनी हातावरचा टॉवेल बाजूला केला आणि शांतपणे म्हणाले, "हा हात चालत न्हाई. डाव्याला बसंल अशी दाखवा." त्या जॉयस्टिकची मूठ उजव्या हातासाठीच घडवलेली होती. दुकानदाराने ती परत ठेवली आणि दोन्हीकडून सारखी, नव्या रबराच्या मुठीची एक साधी पुढे केली. वडिलांनी ती डाव्या हातात धरून चारी दिशांना हळूहळू कलवून पाहिली, मग पुन्हा एकदा. "हीच बांधा," म्हणाले. पहिल्या आठवड्यात त्यांनी बरीच विमानं पाडली, पुढे उतरवायलाही शिकले. पण त्या हाताबद्दल परक्या माणसाशी ते पहिल्यांदा बोलले ते त्या काउंटरवर, आणि तेव्हा मी मध्ये तोंड घातलं नाही याचं मला आजही बरं वाटतं.