आत्याने कानात सांगितलेलं नाव

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ती वाकली की बाकीच्या बायका ‘कुर्रर्र’ करत तिच्या पाठीत धपाटे घालतात. त्या गलक्यात ती काय बोलली ते बाळाखेरीज कोणालाच ऐकू जात नाही. मी त्याचा फायदा घेतला. सात वर्षं झाली. आता लिहिते आहे.

माझी स्वतःची मुलगी अकरा दिवस जगली. बारसं बाराव्या दिवशी होतं. नाव ठरलेलं होतं, देवीच्या सहस्रनामातलं. अर्थ, जी कधी मावळत नाही. कानात पहिलं पडलेलं नाव जीव धरून ठेवतं, असं भटजी म्हणाले होते. माझ्या लेकीच्या कानात काही पडलंच नाही. नवरा तिला दुपट्यात गुंडाळून घेऊन गेला आणि रिकाम्या हातांनी परत आला. कुठे ठेवली ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

दोन वर्षांनी भावाला मुलगी झाली. करंजाड्याला त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाळणा बांधला. भावजयीने नाव शोधलं होतं, पहाटेचा पहिला उजेड अशा अर्थाचं. नाव छानच होतं. मी वाकले. बाळाच्या अंगाला माझ्या लेकीच्या अंगाला होता तोच वेखंडाचा वास. पाठीत धपाटे बसत होते. कोणीतरी भावजयीला म्हणालं, “हाण गं, नणंदेला मारायची संधी परत मिळायची नाही.” सगळ्या हसल्या, आणि तेवढ्यात मी बाळाच्या कानात माझ्या मुलीचं नाव सांगितलं. चुकून निघून गेलं, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. चुकून नव्हतं.

पोर वाढली, पण हाकेला ओ देईना. कानाची टेस्ट झाली. कान ठणठणीत. शाळेतल्या बाई म्हणाल्या, हजेरीत हिचं नाव घेतलं की ही दाराकडे बघते, दुसरंच कोणी यायचं असल्यासारखी.

“ताई, मला टेन्शन येतं हो,” भावजय म्हणायची. “लोकांच्या मुलीला हाक मारतेय असं वाटतं.”

मी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जायचे.

गेल्या सुट्टीत ती माझ्याकडे वाशीला होती. भर दुपार. मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते, ती बाल्कनीत चित्र काढत बसलेली. मध्ये अख्खा हॉल, टीव्ही चालू. मी ओठांतल्या ओठांत ते नाव घेतलं. बाल्कनीत खडू पडल्याचा आवाज झाला. ती दारात येऊन उभी राहिली.

“परत नको म्हणूस, आत्या.”

“का गं?”

“तीपण येते.”

कोण, ते मी विचारलं नाही. “केवढी आहे?” एवढंच विचारलं. तिने हात स्वतःच्या डोक्याच्या जरासा वर धरला. दोन वर्षांनी मोठी मुलगी जेवढी असेल, तेवढा.

संध्याकाळी भावजय तिला न्यायला आली, तेव्हा मी सगळं सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला.

“डॉक्टरांकडे फिरत होते मी. तुम्ही बरोबर यायचात, ताई. शेजारी बसायचात.”



मग ती म्हणाली, “आता तुम्हीच सांगा तिला. माझ्यासमोर. आणि मला ऐकू आलं पाहिजे.”

मुलीला सोफ्यावर बसवलं. मी वाकून तिचं स्वतःचं नाव तिच्या कानात सांगितलं, खोलीभर ऐकू जाईल असं. या वेळी कोणी धपाटा घातला नाही. भावजयीने दारापाशी जाऊन तिला त्या नावाने हाक मारली.

“ओ,” मुलगी म्हणाली.

भावजयीने पदराने तोंड झाकून घेतलं.

मग मुलगी सोफ्यावर थोडी सरकली, शेजारी जागा केली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “आता तिच्या कानात?”

भावजय आली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, हलकेच. मी त्या रिकाम्या जागेकडे वाकले.