एका श्वासात एकोणीस

बोलायच्या आधी पाण्याचा एक घोट. घास लहान, चावणं सावकाश. दिवेलागणीलाही काळा चष्मा, कारण तोवर डावी पापणी खाली आलेली असायची. भेटल्यावर आधी लिंगायती नमस्कार, "शरणार्थी", मग तब्येतीची चौकशी, तीही समोरच्याच्या. स्वतःची कोणी विचारली की एकच उत्तर : "झकास!"

हे "झकास" माणिकप्पांना सोडवत नव्हतं. धर्माबादच्या मिरची बाजारात तीस वर्षं ते सौदा पुकारायचे. सगळा बाजार ठसकायचा, यांचा आवाज चिरकायचा नाही. मग एका हंगामात दहाव्या ढिगाला शब्द नाकातून यायला लागले. विसाव्याला येईनातच.

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, अंगाची राखण करणारी ताकदच उलटली आहे. नस जिथे स्नायूला हुकूम देते, तिथेच ती घाव घालते. आजार विरळा. त्यावरच्या नव्या औषधाची चाचणी तिथे चालू होती. महिन्याला एक सुई. निम्म्यांना औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी. कोणाला काय, हे रोग्यालाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. माणिकप्पांनी सही केली.

तपासणी साधी होती. एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायचे. रोजची ताकदीची गोळी मात्र आदल्या रात्रीपासून बंद, म्हणजे सुईचा गुण तेवढा दिसेल.

पहिल्या दिवशी ते बाविसावर अडकले. पुढच्या महिन्यात एक्केचाळीस. त्याच्या पुढच्या महिन्यातही एक्केचाळीस. त्या दिवशी नोंदी ठेवणाऱ्या मंजुश्रीने पेन खाली ठेवलं. ती उदगीरची, तोंडाने फटकळ.

"अप्पा, तासाभरात तिसऱ्यांदा संडासला जाऊन आलात. हा त्या गोळीचा गुण हाय. खाल्ली ना?"

माणिकप्पा चष्मा पुसत बसले.

"तीस वर्षं भर बाजारात आवाज पडू दिला न्हाई, ताई. इथं तुम्हा पोरींसमोर बाविसावर अडकू?"

"इथं सौदा न्हाई चालू, बोली वाढवायला! तुमच्या सुईत पाणी असलं, अन् तुम्ही एक्केचाळीस म्हणलात, तर खरं औषध पाण्यासारखंच दिसंल. मग ते कोणाला मिळंल?"

"मला काढून टाकता का?"

"ते वरचे ठरवतील. मी लिहिणार मात्र हाय."

"लिहा," माणिकप्पा म्हणाले. "दोन्ही बारी खाल्ली, असं लिहा."

ते दोन्ही आकडे बाद झाले. माणिकप्पांना मात्र ठेवलं. पुढच्या खेपेला ते गोळी न खाता आले, उभे राहिले, मोजू लागले. एकोणिसावर आवाज फाटला. खोलीत चारजण होते. मंजुश्रीने एकोणीस लिहिलं. ते त्यांनी वाकून पाहिलं.

मग त्यांनी टेबलावरचा सूचनांचा छापील कागद उचलला.

"'सहभागीने औषधसेवन स्थगित ठेवावे.' हे कोणाला कळतंय? मीच लिहून आणतो. नव्या माणसाला माझ्यासारखी लाज नको वाटायला."

"आणा की. पण तुमच्या बाजारातल्या शिव्या नकोत त्यात."

"एखादी चालंल."

दोन आठवड्यांनी, मंगळवारी, छातीत कफ भरला. नांदेडच्या दवाखान्याच्या वाटेवर श्वास थकला, आणि थांबला. त्यांच्या सुईत औषध होतं की पाणी, हे अजूनही कोणाला माहीत नाही.

कागद घरी आहे. पहिलं कलम : "गोळी खाऊन येऊ नका. मी खाल्ली होती." सहा कलमं पुरी आहेत. सातवं असं : "आकडा कमी आला की तोंड लपवावंसं वाटतं. तेव्हा"

पुढे कोरं आहे.