सहावा लाडू

मी रायपूरच्या एका हिंदी दैनिकात डेस्कवर एकोणीस वर्षं काम केलं. भुताखेताची, चमत्काराची बातमी टेबलावर आली की मी कागदावर दोन प्रश्न लिहून ती परत पाठवायचे – कोणी पाहिलं? किती वाजता? बहुतेक बातम्या पुन्हा माझ्याकडे यायच्या नाहीत. तेव्हा अतर्क्य अनुभवांच्या या सदरासाठी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. आज लिहिते आहे, कारण या वेळी माझ्याकडे वेळा आहेत, नोंदी आहेत, कॅमेऱ्याचं चित्रण आहे... आणि तरीही मधला एक तुकडा जुळत नाही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला रविवार होता. शहरापासून अर्ध्या तासावरचा एक वॉटर पार्क. नाव लिहीत नाही. आम्ही तिघी मोठ्या होतो – मी, माझी आई आणि कविता वहिनी. माझा भाऊ रेल्वेत आहे, त्याची त्या दिवशी ड्यूटी होती. बरोबर सहा मुलं: भावाची दोन, गोंदियाहून सुट्टीत आलेली बहिणीची दोन आणि वहिनीच्या भावाची, भिलाईची, दोन. सर्वांत मोठा बहिणीचा वेदांत, तेरा वर्षांचा. सर्वांत लहान भावाची पीहू, पाच वर्षांची.

दर उन्हाळ्यात पेपरात एक चौकट छापायची असायची – गर्दीच्या ठिकाणी मुलांची काळजी कशी घ्यावी. ती मीच लिहायचे. आत जाण्याआधी मुलांचा फोटो काढा, दंडावर पेनानं मोबाइल नंबर लिहा, चुकल्यास भेटायची जागा ठरवा, दर अर्ध्या तासानं मुलं मोजा. त्या दिवशी गेटवर मी पहिल्या तिन्ही गोष्टी केल्या. फोटोवर वेळ आहे, १०.५२. मग मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार...

आईनं माझं मनगट धरलं. "काहून मोजून राहिली वो? ढोरं मोजतात. लेकरं मोजत नसतात."

हा आमच्या घरातला जुना नियम आहे. मुलं आकड्यानं मोजायची नाहीत, नजर लागते. आई एकाहत्तर वर्षांची आहे, लग्नानंतर भंडाऱ्याहून रायपूरला आली. तिची स्वतःची पद्धत आहे: जितकी मुलं तितकेच लाडू बांधून घ्यायचे. मध्येच सगळ्यांना बोलावून एकेक हातावर ठेवायचा. पिशवी रिकामी झाली म्हणजे सगळे आहेत. एक उरला तर कोण नाही ते शोधायचं. डोंगरगढच्या नवरात्रातल्या गर्दीत तिनं आम्हा सगळ्या भावंडांना असंच सांभाळलं. कोणी हरवलं नाही. पद्धत चांगली आहे, मी स्वतः तिचं कौतुक करत आले आहे. मी चारवर थांबले.

गेटवरच्या गार्डनं पिशवी तपासली. "अम्मा, बाहर का खाना अलाउड नहीं है."

"खाना कुठं आहे? दवाई के साथ का है. मले शुगर आहे."

"शुगर में लाडू?"

"तू डॉक्टर हायेस का रे?" आई म्हणाली. तो हसला आणि त्यानं पिशवी जाऊ दिली. आत मुरमुऱ्याचे सहा लाडू होते. आईनं ते सकाळी माझ्यासमोर वळून प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवले होते.

पिशवी, फोन, कपडे, सगळं लॉकरमध्ये गेलं. चावीचा रबरी पट्टा माझ्या मनगटावर होता. पार्कमध्ये नायलॉनचा कॉस्च्यूम आणि टोपी सक्तीची. भाड्यानं मिळतात, सगळे गडद निळे. दहा पावलांवरून आपलं मूल कोणतं ते सांगता येत नाही. वहिनी म्हणालीसुद्धा, "सारे पोट्टे एकसारखे दिसून राहिले." आम्ही हसलो.

जेवणाआधी लॉकर एकदाच उघडला, १२.४० नंतर. आईनं शेडखाली उभं राहून हाका मारल्या, मुलं पाण्यातून धावत आली, गराडा पडला. मी दोन पावलं मागे फोन पाहत होते. भावाचा मेसेज आला होता. आईनं रिकामी पिशवी झटकून घडी केली, कमरेला खोचली आणि म्हणाली, "झाले सारे." मी भावाला लिहिलं – सगळे आहेत, खाऊन राहिले. तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. वेळ १२.४७.

१.२५ ला जेवायला बोलावलं तेव्हा पाच मुलं आली.

"पीहू कुठं आहे?" वहिनीनं विचारलं.

वेदांत म्हणाला, "वो तो कब से नहीं है, मामी. मुझे लगा आपके पास है."

"कब से म्हणजे? आत्ता तर लाडू खाल्ला तिनं."

"नहीं. लाडू के टाइम भी नहीं थी."

वहिनी आईकडे पाहत राहिली. आईनं कमरेची पिशवी काढली, उलगडली, आत पाहिलं आणि पुन्हा घडी केली.

पुढचा अर्धा तास मी कामाच्या सवयीनं लक्षात ठेवला आहे. १.३१ – काउंटरवर नोंद, गेटवरचा फोटो दाखवला. १.३४ – गेट बंद, माइकवर घोषणा. १.४० – शिट्ट्या वाजवून लाटांचा तलाव रिकामा केला. लाटा थांबल्या. मग नऊ लाइफगार्ड उथळ बाजूला एका ओळीत उभे राहिले, कोपरात कोपर अडकवून, आणि पाय घासत खोल पाण्याकडे चालू लागले. तळाशी काही लागतं का ते पायानं पाहायची ती रीत. डेस्कवर येण्याआधी बातमीदार असताना मी ती दोनदा पाहिली होती, खारून नदीच्या घाटावर. दोन्ही वेळा पायाला लागलं होतं. काठावर तीन-चारशे लोक उभे होते. वहिनी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "इथंच होती, आत्ता इथंच होती." आई खाली बसली होती. तिनं मला विचारलं, "मग घेतला कोणं?"

मला तेव्हा प्रश्न कळला नाही.

ओळ मध्यापर्यंत गेली होती. तिथून पाणी गढूळ दिसत होतं, ते निवळावं म्हणून सुपरवायझरनं फिल्टरचा पंप बंद करायला सांगितलं. पंपवाले भैया, पन्नाशीचे असतील, तलावामागच्या खोलीकडे गेले. कुलूप काढलं आणि दारातूनच ओरडले.

पीहू आत होती. १.५५.

आत गेली कशी, याचं उत्तर आहे. साडेबाराच्या सुमारास पंपवाले भैया क्लोरीनचे डबे ठेवायला आले होते. दार उघडं टाकून दुसरा डबा आणायला गेले. बाहेरची फरशी तापली होती, पायाला चटके बसत होते, म्हणून पीहू सावलीत शिरली आणि फिल्टरच्या टाकीमागे जाऊन उभी राहिली. त्यांनी डबा ठेवला, आत पाहिलं नाही, कडी-कुलूप लावलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं – १२.३०. ती चूक त्यांनी लगेच कबूल केली. मोटरच्या आवाजात आतून हाक ऐकू येणं शक्य नव्हतं. जमिनीवर घोटाभर पाणी, मोटरचा पट्टा उघडा आणि तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. ती सिमेंटच्या ओट्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. अंगावर खरचटलेलंही नव्हतं.

उजव्या मुठीत मुरमुऱ्याचा लाडू होता.

त्या खोलीच्या भिंतींवरून पाणी ओघळत होतं. मुरमुऱ्याच्या लाडवाला ओला हात लागला तरी तो दहा मिनिटांत मऊ पडतो. हा कोरडा होता, कुरकुरीत. आईनं तो तिच्या हातातून घेतला, नखानं एक दाणा काढून दाताखाली धरला आणि लाडू पदरात बांधला.

आता मला माहीत आहे ते सांगते. पीहू १२.३० पासून कुलपात होती. लाडू १२.४० नंतर लॉकरमधून निघाले. त्याआधी पिशवीला गाठ होती आणि चावी माझ्याकडे होती. खोलीची चावी पूर्ण वेळ पंपवाल्या भैयांच्या कमरेला होती. खोलीला एकच झरोका आहे, माझ्या डोक्याच्याही वर. त्याला आतून बारीक जाळी आहे. मी ती बोटांनी चाचपून पाहिली. लाडू सोडा, त्यातून हरभराही आत जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं लॉकरच्या शेडवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. आईची पाठ दिसते, निळ्या टोप्या दिसतात. आईचा हात पिशवीत जातो आणि पुढे येतो. पाच वेळा निळी टोपी पुढे होते, घेते, बाजूला जाते. सहाव्या वेळी आईचा हात शेडच्या खांबामागे जातो. खांबामागे कोण आहे ते दिसत नाही. हात रिकामा परत येतो. मी ते अकरा वेळा पाहिलं. खांबाकडे कोणी येताना दिसत नाही, तिथून जातानाही नाही.

साधं उत्तर मलाही सुचलं. त्या दिवशी तिथं निळ्या टोपीतली शंभर मुलं होती. कुणाचंतरी पोर येऊन हात पुढे करून गेलं असेल. मी आईला विचारलं, "तोंड पाहिलं होतं का तू?"

"टोपी होती. हात पुढं आला, मी ठेवला. खायला मागणाऱ्या लेकराचं तोंड पाहत नसतात, बाई." मग ती म्हणाली, "हात थंड होता. पण सारेच पाण्यातून आले होते ना."

इथपर्यंत मी मान्य करते. पण तो लाडू कुलपाआड गेला कसा, हे नाही सांगता येत.

सवयीप्रमाणे जुने अंक काढले. पार्क सुरू झाल्यापासूनचे, आणि त्याआधी तिथं शेत होतं तेव्हाचेही, जेवढे मिळाले तेवढे. गावच्या कोटवारालाही, म्हणजे चौकीदारालाही, विचारलं. बुडालेलं, हरवलेलं, मेलेलं एकही मूल सापडलं नाही. सापडलं असतं तर निदान गोष्टीला आकार आला असता. या जागेला कसलाही इतिहास नाही.

आईनं लाडू खारूनमध्ये सोडला. त्यानंतर तिनं मुरमुऱ्याचे लाडू केलेले नाहीत. यंदा मुलं पुन्हा जमली तेव्हा गोल बाजारात गाडीतून उतरल्यावर तिनं प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं आकडे म्हटले, सहापर्यंत. हनुवटी धरून प्रत्येकाचं तोंड वर केलं. मुलं हसली. ती हसली नाही.

पीहूला आम्ही एकदाच विचारलं, त्याच संध्याकाळी, शंकर नगरच्या घरी. वहिनीच्या मांडीवर होती. लाडू कोणी दिला?

"एक दीदी ने."

"कैसी दीदी?"

"मेरे जैसी टोपी थी."

"आत कशी आली ती?"

तिनं खांदे उडवले. वहिनीनं विचारलं, "मग तू ओरडली काहून नाही, बेटा? दार ठोकायचं होतं."

"दीदी बोली, मत चिल्ला. कोई नहीं ढूँढ रहा."

बाकी कशाचाही माझ्याकडे पुरावा नाही. एवढं एक वाक्य मी तपासून पाहिलं आहे. १२.४७ पासून १.२५ पर्यंत, अडतीस मिनिटं, ते अक्षरशः खरं होतं.