काटा पडला हुता

"ह्यांना काय विचारता मॅडम. ह्यांना पाचटातबी गादी दिसती."

मुकादम असं बोलला आन् ओसरीवरली गडीमानसं हसली. आमी बाया खाली अंगनात बसलेलो. आमीबी हसलो. मीबी. त्या हसन्याची मला अजून किळस येती.

खर्ड्याच्या अलीकडं आमचं गाव. रान कोरडं. म्हनून दिवाळी सरली की समदे ह्या मुकादमाच्या टोळीत ऊस तोडायला जातो. मागच्या हंगामात नवरा उसाच्या गाडीसंगं कारखान्यावर गेल्ता, तवा ह्यो माझ्या खोपीत घुसला. अंगाला झोंबला. मी कोयता उचलला तवा मागं सरला. जाताना म्हनला, "बोललीस तर तूच बोलावलं म्हनीन." मी कुनाला बोलले न्हाई. नवऱ्यालाबी न्हाई.

आन् पुन्याची मॅडम सर्व्हे करायला त्याच्याच ओसरीवर बसली. गावात खुर्च्या त्याच्याकडं, म्हनून. तिनं त्याला बाहेर थांबायला सांगितलं. "माझ्या घरातनं मीच जाऊ व्हय?" म्हनला, आन् बसून ऱ्हायला.

मॅडम वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. तिनं एकेकीला रुपाया दिला. म्हनाली, "पदराआड उडवायचा. कुणाला दाखवायचा नाही. छापा पडला तर काहीही असो, 'हो' म्हणायचं. काटा पडला तर खरं सांगायचं. तुमचं 'हो' नाण्याचं की तुमचं, कुणालाच कळणार नाही. यांनी ऐकलं तरी बिघडत नाही."

मग सवाल. "फडावर कुणी तुमच्या अंगाला हात लावला का?"

पयली म्हनाली, न्हाई. दुसरी म्हनाली, न्हाई. माझ्या शेजारी चुलतसासू बसलेली. तिचा छापा मी डोळ्यानं बघितला. तीबी म्हनाली, "न्हाई गं बाई." आमच्यात रुपायानं सांगितलं तरी बाई असलं 'व्हय' म्हनत न्हाई. एकदा म्हनलं की जन्माचं चिकटलं.

मॅडम गोंधळली. "इतक्या जणींत एकीचाही छापा पडला नाही? असं कसं होईल?"

"आमच्या बाया लई सोज्वळ हायत," मुकादम मिशीत हसला.

मघाशी पाचटात लोळनाऱ्या, आता सोज्वळ. आमाला नासवायचं बी ह्यानंच, धुवायचं बी ह्यानंच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवटी माझी पाळी आली. पदराआड रुपाया उडवला. काटा. नुसतं व्हय म्हनले असते तर ह्यो म्हनला असता, छापा पडला असंल. मॅडमबी तेच धरून चालली असती. मी पदर सारला, उठले, आन् तळहातावरला रुपाया समद्यांपुढं धरला.

"अहो, दाखवू नका," मॅडम म्हनाली.

"दाखवते. काटा हाय. बघून घ्या. आन् माझं व्हय हाय. हात लावनारा ह्यो बसलाय."

कुनी हसलं न्हाई. चुलतसासूनं लुगड्याला धरून खाली वढलं. मी बसले न्हाई. मुकादम म्हनला, "डोस्कं फिरलंय हिचं." नवरा लिंबाखाली हुता, त्यो मान घालून निघून गेला.

अजून धड बोलत न्हाई माझ्याशी. न बोलंना का. यंदा त्या टोळीत मी जानार न्हाई. पंचांना विचारू द्या, ठान्यात विचारू द्या, हेच सांगनार. त्याचं नाव घेऊन सांगनार. पदराआड न्हाई.